जयतीर्थांना पुसून लाव

वेस्ट मांबलमच्या त्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीला भिंती चार होत्या आणि नवा एसी कुठल्या भिंतीवर लावायचा याबद्दल मतं पाच होती. सहावं मत ऋजुताचं होतं, पण ते कोणी विचारलंच नव्हतं, तेव्हा ते सोडून देऊ.

खोली तिच्या सासूबाईंची. अलमेलूअम्मांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आज संध्याकाळी त्या हॉस्पिटलमधून घरी यायच्या होत्या. त्यात मे महिन्यातली चेन्नई. पंखा लावला तर तो तेवढी गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन टाकायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली गार ठेवा, टाक्यांना घाम लागता कामा नये. म्हणून घाईघाईनं दोन मशीन मागवली होती. एक अम्मांच्या खोलीसाठी आणि एक ऋजुता आणि सुधींद्रच्या. खोकी हॉलमध्ये पडून होती आणि घरातलं प्रत्येक माणूस त्यांना एकदा तरी ठेचकाळून झालं होतं.

सुधींद्र, म्हणजे ऋजुताचा नवरा, ऐन वेळी कंपनीच्या कामासाठी कोइंबतूरला गेला होता. तिथून त्याचं मत आलं, खिडकीवर लावा. नणंद हरिप्रिया म्हणाली, खिडकीवर पडद्याची दांडी आहे, कपाटावर लावा. एसी बसवणारा सुब्बा म्हणाला, कपाटावर लावलं तर पाण्याच्या नळीला उतार मिळणार नाही, दारावर लावा. खुद्द अम्मांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून निरोप दिला, कुठंही लावा, पण माझ्या गुडघ्यावर वारा नको. सासरे गुंडोराव हे चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळ्यांची मतं शांतपणे ऐकून घेतली आणि सगळ्यांचीच मोडीत काढली.

"बाथरूमकडची भिंत," ते म्हणाले. "वारा छताशीं जाईल, मग हळू खालीं येईल. गुडघ्याला कळणारसुद्धां नाहीं. ठरलें."

ठरलं म्हणजे ठरलं. पण खरी धास्ती मशीनची नव्हतीच, हरिप्रियाची होती. तिचा नवरा अजून आवडीच्या कारखान्यात होता, क्वार्टर्स ऐसपैस होती आणि तिथे एसी आधीपासून गारगार चालू होता. आदल्या दिवशी तिनं ऋजुताला फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं, "हे बघ, तू टेन्शन घेऊ नको. संध्याकाळी आल्यावर खोली थंड असेल तर अम्मा तिथं. नसेल तर मी गाडी सोडतच नाही, तशीच आवडीला घेऊन जाते. सिंपल."

सिंपल कसलं डोंबलाचं! ऋजुता पुण्याची. लग्नानंतर दोघं पुण्यातच होती, महिन्यापूर्वी सुधींद्रची बदली इकडे झाली. सासूबाई हॉस्पिटलमधून परस्पर लेकीकडे गेल्या, तर मांबलमपासून तंजावरपर्यंतच्या झाडून सगळ्या नातेवाइकांत एकच बातमी होणार होती, की पुण्याच्या सुनेला साधं एक मशीन भिंतीला लावून घेता आलं नाही. आणि लोकांचं जाऊ द्या. अम्मा घरी याव्यात असं ऋजुताला मनापासून वाटत होतं. या नव्या गावात 'तुला काय आवडतं गे?' असं तिला विचारणारं तेवढं एकच माणूस होतं.

सकाळी गुंडोराव हॉस्पिटलला निघाले. हॉस्पिटल लांब, पार कोवलमच्या रस्त्यावर. हरिप्रिया तिकडून गाडी घेऊन येणार होती. त्यांनी चपला घातल्या, छत्री घेतली, लिफ्टमध्ये पाय ठेवला आणि मागे वळून म्हणाले, "ऋजुता, ऐक गे. वर जयतीर्थ आहेत. त्यांना पुसून मगच मशीन लाव. न पुसतां भिंतीला हात लावूं देऊं नको. कळलें कीं?"

"हो अप्पा," ऋजुता म्हणाली. लिफ्ट खाली गेली.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा सत्यानाश या दोन वाक्यांत भरलेला आहे. गुंडोरावांचं मराठी कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेलं. इकडे महाराष्ट्रात शब्दांनी कपडे बदलले, अर्थ बदलले, पण तिकडे ही खबर पोचवणार कोण? त्या मराठीत पुसणं म्हणजे विचारणं. आणि जयतीर्थ म्हणजे वरच्या मजल्यावरचे जयतीर्थ, बिल्डिंगचे सेक्रेटरी, तेही तंजावरकडचे मराठीच. त्यांनी आपली बाथरूम नवी केली तेव्हा पाण्याची नळी खालच्या फ्लॅटच्या भिंतीतून नेली होती, आणि ती नक्की कुठून गेली आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. नेली तीसुद्धा गुंडोराव गावाला गेलेले असताना, त्यांना न विचारता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणून स्वतः एक जिना चढून जायच्या ऐवजी गुंडोरावांनी ते काम सुनेच्या गळ्यात घातलं होतं.

ऋजुताच्या मराठीत मात्र पुसणं म्हणजे फडक्यानं पुसणं. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळी बिल्डिंग 'सेक्रेटरी सार' म्हणायची, त्यांना नाव असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आणि जयतीर्थ तिला चांगले माहीत होते. त्याच बाथरूमकडच्या भिंतीवर, अगदी वर, चौकटीतल्या फोटोत भगवी वस्त्रं नेसून ते जुन्या काळचे स्वामी बसलेले होते. घरात पाऊल टाकलं त्या दिवशीच अम्मांनी तिला त्यांच्यापुढे वाकायला लावून नाव सांगितलं होतं. तेव्हा तिला निरोप अगदी स्वच्छ कळला. वर जयतीर्थ आहेत, त्यांना पुसून घे, मग खाली मशीन लाव.

गंमत अशी की भाषेच्या बाबतीत ही मुलगी फार सावध होती. आल्या आल्याच तिला एक फटका बसला होता. तिनं वॉचमनला विचारलं, सेक्रेटरी सार कुठे आहेत, तर तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सार मेले." ऋजुता मटकन पायरीवर बसली. तमिळमध्ये मेले म्हणजे वर, सार वर आहेत, हे तिला सुधींद्रनं घरी हसून हसून समजावलं. त्या दिवसापासून ती प्रत्येक तमिळ शब्द पारखून घ्यायची. मराठी शब्द पारखायचं मात्र तिच्या मनात कधी आलं नाही.

सुब्बा आला तोच घाईत. त्याला मराठी येत नव्हतं, ऋजुताचं तमिळ जेमतेम, त्यामुळे दोघांचा कारभार हिंदीत चालायचा आणि त्या हिंदीला दोघंही वाली नव्हते. त्यानं बाहेरची दोन्ही यंत्रं बाल्कनीत बसवली, दोन्ही खोल्यांकडे तांब्याच्या नळ्या ओढून घेतल्या आणि दुपार उलटल्यावर ड्रिल घेऊन अम्मांच्या खोलीत येऊन उभा राहिला.

"मेडम, इदर होल मारना?"

"थांबो! पहिले पुसना है."

"क्या पुसना?"

"इनको," ऋजुतानं वर बोट दाखवलं. सुब्बानं वर पाहिलं, हात जोडले आणि तो बाजूला सरकला.

ऋजुतानं काम मन लावून केलं, हे कबूल करायलाच हवं. स्टुलावर चढून तिनं फोटो उतरवला, सुकलेला हार काढला. चौकटीच्या मागे कोळ्यानं संसार थाटला होता, तो हलवला. काच आधी ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्यानं, मग पदराच्या टोकानं. चौकटीच्या नक्षीतली धूळ काडीला कापूस गुंडाळून काढली. गंध लावलं, नमस्कार केला, "माझी लाज राखा," असं मनातल्या मनात म्हटलं आणि फोटो पुन्हा खिळ्याला लावला. सुब्बा एव्हाना तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघत होता.

तेवढ्यात फोन वाजला. गुंडोराव.

"पुसलेंस कीं?"

"हो अप्पा, पुसलं."

"नीट पुसलेंस?"

"अगदी नीट. पुढचं-मागचं सगळं पुसलं."

"शाबास! पुढचें-मागचें सगळें पुसायलाच पाहिजे, त्यांचा भरवसा नाहीं. मग, कांहीं अडचण?"

"अडचण कसली? खूप दिवसांचं जळमट होतं तेवढं. तेही काढून टाकलं."

पलीकडे गुंडोराव खुर्चीतून उठूनच उभे राहिले. इतकी वर्षं दोन घरांत साठलेलं जळमट कालच्या पोरीनं एका दिवसात काढून टाकलं म्हणजे काय! "मोठें काम केलेंस गे," ते म्हणाले. "मग ते काय म्हणाले?"

"कोण?"

"जयतीर्थ."

ऋजुतानं फोटोकडे पाहिलं. काच लखलखत होती. "प्रसन्न दिसतायत," ती म्हणाली.

"दिसणारच! मग आतां भिऊं नको. मार ड्रिल."

सुब्बानं ड्रिल मारलं. पहिल्या भोकातून विटेची पूड आली. दुसऱ्या भोकातून पूड आली. तिसऱ्या भोकाला ड्रिल आत गेलं, आवाज बदलला, सुब्बानं ते मागे ओढलं आणि त्याच्याबरोबर पाणी आलं. आलं म्हणजे काय, बदाबदा आलं. सुब्बाच्या छातीवर, तिथून कपाटावर आणि कपाटावरून थेट नवी कोरी चादर घातलेल्या अम्मांच्या गादीवर. बिल्डिंगची टाकी सकाळीच लॉरीच्या पाण्यानं काठोकाठ भरली होती आणि त्या पाण्याला आता हा जवळचा रस्ता सापडला होता.

"अय्ययो! अय्ययो!" सुब्बानं भोकावर तळहात दाबला. पाणी तळहाताच्या चारी बाजूंनी उडायला लागलं. ऋजुतानं टॉवेल आणला, उशी आणली, शेवटी स्वतःचा हात लावला. पाणी कोणालाच जुमानेना.

"बंद करो ना! कुठून तरी बंद करो!"

"वाल्व, मेडम! मेले! मेले!" सुब्बा छताकडे मान झटकत ओरडला.

व्हॉल्व्ह वर गच्चीत आहे, हे ऋजुताला कळलं. पण आयुष्यात पहिल्यांदा तिला असंही वाटलं की या शब्दाचे दोन्ही अर्थ आज बरोबर आहेत.

ती अनवाणी जिन्याकडे पळाली. गच्चीच्या जाळीला कुलूप होतं. कुलपाची किल्ली सेक्रेटरी सारांकडे. ती तशीच एक मजला उतरून आली आणि त्यांच्या बेलवर बोट ठेवून उभी राहिली. दार उघडेना. आतून कोणीतरी खेकसत असल्याचा आवाज येत होता. काय करावं सुचेना, म्हणून तिची नजर दारावरच्या पाटीवर गेली. पाटी तमिळमध्ये. बसच्या पाट्या वाचून वाचून तिला अक्षरं लागायला लागली होती, पण एकेक करूनच. पहिलं अक्षर ज किंवा जे. मग य. मग ती. मग र्त.

"ज... य... ती..." ऋजुता पुटपुटली आणि तिचं बेलवरचं बोट आपोआप खाली आलं.

दार उघडलं. समोर सेक्रेटरी सार उभे होते. कमरेला पंचा, डोक्यापासून पोटापर्यंत साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला. ऐन आंघोळीत त्यांचं पाणी गेलं होतं.

"खालीं ड्रिल तुम्ही मारिलें कीं?" ते गरजले. "कुणाला पुसून मारिलें? मला कां नाहीं पुसलें?"

त्यांच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. ऋजुतानं त्यांच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासूनचं एकेक वाक्य तिच्या डोक्यात उलटं फिरलं आणि जागच्या जागी जाऊन बसलं. पुसलेंस कीं. नीट पुसलेंस. मग ते काय म्हणाले.

"पुसलं हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पण तुम्हाला नाही पुसलं. फोटोला पुसलं. फडक्यानं!"

जयतीर्थांनी दुसराही डोळा उघडला, तो साबण गेल्यामुळे लगेच मिटला आणि ते किल्ली आणायला वळले. माणूस रागीट असला तरी पाण्याची नासाडी त्यांच्या जिवावर यायची. तसेच पंच्यावर ते गच्चीत गेले, चाक फिरवलं, पाणी थांबलं. त्याबरोबर सगळ्या बिल्डिंगचंच पाणी थांबलं आणि जिन्यात रिकाम्या बादल्या घेऊन माणसं जमायला लागली. त्या माणसांना फेसासकट तोंड देत जयतीर्थ खाली आले. अम्मांच्या खोलीत घोटाभर पाणी. गादी फुगलेली. भिंतीला तीन भोकं. आणि वर चौकटीत जयतीर्थ, लख्ख, एक थेंबसुद्धा न उडालेले.

खालच्या जयतीर्थांनी वरच्या जयतीर्थांकडे बराच वेळ पाहिलं. "पुसलें मात्र छान आहेस," ते म्हणाले.

ऋजुताला हसूही आलं नाही. कारण फोन वाजत होता, आणि फोनवर हरिप्रिया होती.

"निघालो आम्ही कोवलम रोडवरून. अम्मा मागच्या सीटवर पाय लांब करून बसलीय. एसी चालू झाला ना?"

"लावतोय, अक्का."

"लावतोय? अजून? सकाळपासून काय करत होतीस गं?"

पुसत होते, असं ऋजुताच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. मागून गुंडोरावांचा खुशीतला आवाज येत होता, "लागलें असेल, लागलें असेल! पुसून लावलें आहे!"

"ठीक आहे," हरिप्रिया म्हणाली. "मी गाडी खाली उभीच ठेवते. वर येऊन बघते, आणि मग ठरवू."

फोन बंद झाला. सुब्बा ओल्या शर्टाचा पीळ काढत ड्रिल पिशवीत भरत होता. "आज नहीं होगा मेडम. दीवार गीला. कल."

ऋजुता खोलीच्या दारात उभी राहिली. पाण्यात पाय, साडी पोटरीपर्यंत भिजलेली. उद्या! उद्यापर्यंत अम्मा आवडीला पोचल्या असत्या, आणि एकदा गेल्या की हरिप्रियाअक्का त्यांना कधी सोडणार! तिला एकदम हुंदका आला आणि हुंदक्याच्या मागोमाग राग आला. सुधींद्रचा, अप्पांचा, अक्काचा, त्या पाचही मतांचा. चार भिंतींवरून सगळे आठवडाभर भांडले होते आणि झोपणार ते माणूस एक होतं.

"सुब्बा," ती म्हणाली, "पिशवी नीचे रखो. मेरे रूम में चलो."

"आपका रूम?"

"हां. अम्मा मेरे रूम में सोएंगी."

स्वतःच्या खोलीत जाऊन ती सरळ पलंगावर आडवी झाली. ओल्या साडीनिशी. गुडघ्याखाली उशी घेतली, अम्मा घेतील तशी, आणि पडल्या पडल्या चारी भिंतींकडे पाहिलं. उशाशी लावलं तर डोक्यावर गारठा. समोर लावलं तर सरळ गुडघ्यावर. खिडकीच्या बाजूला जरा वर, कोपऱ्याला धरून लावलं तर वारा पायांच्या पलीकडून जाऊन दारावर आपटेल. "उदर," तिनं बोट दाखवलं.

सुब्बानं ड्रिल उचललं. ऋजुता ताडकन उठून बसली. "थांबो!" आणि ती धावत हॉलमध्ये गेली. तिथे जयतीर्थ एका हातानं पंचा सावरत दुसऱ्या हातानं अम्मांच्या खोलीतलं पाणी झाडूनं बाहेर लोटत होते.

"काका, त्या खोलीत, खिडकीच्या बाजूला... तिथे तुमची नळी नाही ना?"

जयतीर्थ झाडू धरून थांबले. "काय म्हणालीस?"

"विचारतेय. म्हणजे... पुसतेय तुम्हाला."

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "नाहीं गे पोरी," ते म्हणाले. "तिथं मी कुठेंच नाहीं. खुशाल मार."

तरी ड्रिल सुरू झालं तेव्हा ऋजुतानं डोळे घट्ट मिटून घेतले. पहिलं भोक. दुसरं. तिसऱ्याला तिनं बादली पुढे धरली. बादलीत तांबडी कोरडी पूड पडली, आणि ती पूड बघून कोणाला झाला नसेल एवढा आनंद तिला झाला. मग पत्रा बसला, मशीन चढलं, नळ्या जोडल्या गेल्या. सुब्बा काहीतरी पंपानं ओढत बसला आणि ऋजुता त्याच्या डोक्यावर उभी राहिली. हरिप्रियाचा फोन आला, पनगल पार्कला आलो, म्हणजे घर हाकेवर. बरं झालं, तिथे ट्रॅफिक तुंबला होता. सुब्बानं रिमोट दाबला. मशीन टुंग वाजलं, तोंड उघडून बसलं, आणि काहीच झालं नाही. ऋजुतानं श्वास रोखला. मग हळूच, अगदी हळूच, गार वाऱ्याची एक झुळूक दारावर आपटून तिच्या गालाला लागली. त्याच वेळी लिफ्टचं दार वाजलं.

वॉकर टेकत टेकत अम्मा आत आल्या. एका बाजूला हरिप्रिया, मागे औषधांची पिशवी घेऊन गुंडोराव. हॉलमध्ये ओली गादी खुर्चीवर वाळत टाकलेली, जमिनीवर पाण्याचे ओघळ, आणि मधोमध झाडू घेऊन पंच्यावरचे जयतीर्थ. फेस अंगावरच वाळून ते ठिकठिकाणी पांढरे झाले होते.

"हे काय?" गुंडोराव म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी जयतीर्थांशी बोललेला हा पहिलाच शब्द.

"तुमच्या भिंतींतून माझी नळी फुटली," जयतीर्थ म्हणाले.

"पण पुसलें होतें ना! ऋजुता, तूं पुसलेंस म्हणालीस कीं नाहीं?"

"पुसलं, अप्पा," ऋजुता म्हणाली आणि तिनं अम्मांच्या खोलीत बोट दाखवलं. सगळ्यांनी आत पाहिलं. अख्ख्या बुडालेल्या खोलीत तो फोटो तेवढा आरशासारखा चमकत होता. "तुम्ही म्हणालात, वर जयतीर्थ आहेत, त्यांना पुसून लाव. आमच्याकडे पुसणं म्हणजे... हे असं."

गुंडोरावांचं तोंड उघडं राहिलं. हरिप्रियाचं मात्र चालू झालं. "बघितलंस अम्मा? मी कालच सांगितलं होतं! साधं बोललेलं कळत नाही हिला, तुझं औषधपाणी काय करणार? खोलीत तळं झालंय नुसतं. गाडी खाली उभी आहे. चल, उलट फीर. सरळ आवडी."

ऋजुतानं आपल्या खोलीचं दार सताड उघडलं. अम्मा वॉकरवर भार देऊन उभ्या होत्या. त्यांनी गादी पाहिली, ऋजुताची भिजलेली साडी पाहिली, तिच्या केसांतली तांबडी पूड पाहिली. मग उघड्या दारातून येणारा गार वारा त्यांना लागला असावा, कारण त्यांनी त्या दिशेला मान वळवली. खिडकीच्या कोपऱ्यातलं मशीन, पलंग, पायथ्याशी ठेवलेली उशी.

"ही जागा कुणी ठरविली?" त्यांनी विचारलं.

"मी," ऋजुता कशीबशी म्हणाली. "आडवी पडून बघितलं. गुडघ्यावर येत नाही वारा."

अम्मांनी मान हलवली. "हरिप्रिया, गाडी खालीं आहे म्हणालीस कीं?"

"हो! उभीच ठेवलीय."

"बरें केलेंस. तुझ्या अप्पांना घेऊन जा."

"कुणाला?" हरिप्रिया आणि गुंडोराव एकदम म्हणाले.

"तुम्हांला," अम्मा नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "गुडघा माझा गेलाय, तुमचा नाहीं. एक जिना चढून वर जायचें, दार वाजवायचें, दोन शब्द पुसायचे. तेवढें झालें नाहीं तुमच्यानें. कालच्या पोरीला पुढें केलेंत, आणि दिवसभर माझ्या उशाशीं बसून फोनवर हुकूम सोडत होतात. मला आतां विश्रांती पाहिजे. डॉक्टरांनीं लिहून दिली आहे."

"पण अलमेलू..."

"तुमच्या लुंग्या पिशवींत घाला."

"अम्मा, पण अप्पांना..." हरिप्रियाचा आवाज एकाएकी खाली आला. "म्हणजे, आमच्याकडं तशी जागा... ह्यांचीही शिफ्ट असते..."

"मला न्यायला जागा होती कीं," अम्मा म्हणाल्या. हरिप्रियानं पर्समधून गाडीची किल्ली काढली. जयतीर्थ झाडू भिंतीला टेकवून पुढे झाले आणि गुंडोरावांच्या हातातली औषधांची पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, "चला, गाडीपर्यंत सोडतों." लुंग्यांची पिशवी घेऊन दोघं शेजारी शेजारी खाली गेले. जाताना नळी कुणी आधी न पुसता नेली यावरून त्यांचं भांडण सुरू झालेलं ऐकू येत होतं, म्हणजे बोलणं सुरू झालं होतं.

रात्रीचं जेवण ऋजुतानं अम्मांना पलंगावरच दिलं. दहीभात, त्यांच्या आवडीचा. खोली छान गार झाली होती. जेवून त्यांनी पाय लांब केला, गुडघ्याखाली उशी घेतली आणि मशीनकडे बघत म्हणाल्या, "बरोबर जागा आहे गे." ऋजुताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात फोन वाजला. हरिप्रिया. तिचा आवाज दबका होता, बहुधा स्वयंपाकघरात लपून बोलत होती. "ऋजुता, ऐक ना, त्या सुब्बाचा नंबर दे. अप्पा म्हणतात आमचा एसी चुकीच्या भिंतीवर आहे. स्टुलावर चढलेत. अम्माला जरा फोन दे ना, तीच समजावेल त्यांना."

ऋजुतानं फोनवर हात ठेवला. "अम्मा, अक्का आहे. अप्पांनी त्यांचा एसी काढायला घेतलाय म्हणे. तुम्हाला बोलवतेय."

अम्मांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले.

"सांग," त्या म्हणाल्या, "अम्मा निजली म्हणून."